थांबवणारा हात

मार्लीनबाईंनी सोलकढीची वाटी दुसऱ्यांदा पुढे केली, आणि सदानंद तोरस्करांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं की काम झालं. परक्या मुलखातला माणूस आपल्या घरात सोलकढी परत मागतो, म्हणजे तो परका राहिलेला नाही, हा त्यांचा जुना ठोकताळा होता. या ठोकताळ्यावर त्यांनी बहरीनमध्ये पुष्कळ माणसं जोडली होती. काही भलतीच माणसंही जोडली होती, पण ती आठवायचा त्यांना कंटाळा होता.

शुक्रवारची दुपार होती. जनाबियातल्या व्हिलात जेवणाचं टेबल लावून सगळे बसले होते. धाकटा वरुण आदल्याच दिवशी पर्थहून बाईंना घेऊन आला होता आणि तेव्हापासून त्याच्या पोटात नीट अन्न गेलं नव्हतं. समोर मधला गौरव, कंपनीच्या यार्डातली सगळी मशीनं सांभाळणारा, मान खाली घालून हमूर माशाचे काटे काढत होता. थोरली कस्तुरी बँकेतली, ती सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होती. आणि बाईंच्या शेजारी आमिना. बुसैतीनच्या हाजी युसुफांची ही मुलगी. तोरस्करांनी कंपनी काढली तेव्हा निम्म्याहून जास्त हिस्सा इथल्याच माणसाच्या नावावर लागायचा. तो हाजींच्या नावावर होता, आणि ते गेल्यापासून आमिनाच्या. नमाजानंतर ती मुद्दाम आली होती, कारण नव्या कामाला तिचीही सही हवी होती.

नवं काम म्हणजे वरुणचं स्वप्न. ऑस्ट्रेलियात लोखंडाच्या खाणीवर खडी फोडायची आणि डंपरसाठी रस्ते बांधायचे. खाणवाली कंपनी ते काम त्याच कंत्राटदाराला देणार होती, जो तिथल्या मूळच्या लोकांच्या, ॲबोरिजिनल लोकांच्या धंद्याबरोबर खरीखुरी भागीदारी करेल. मार्लीनबाई त्या लोकांपैकी. पुतण्यांना हाताशी धरून त्यांनी स्वतःचे टिपर आणि रस्ता सपाट करणारे ग्रेडर उभे केले होते, पण दगड फोडायची मोठी मशीनं त्यांच्याकडे नव्हती. ती तोरस्करांकडे होती, आणि बहरीनमधलं काम आटल्यामुळे यार्डात धूळ खात पडली होती. रविवारपर्यंत दोन्ही भागीदारांच्या सह्यांनी नावं द्यायची होती. नाही दिली, तर वरुणने पर्थमध्ये घालवलेली सगळी वर्षं पाण्यात जाणार होती, आणि मशीनं भंगारात.

बाई मात्र म्हणाल्या होत्या, सहीच्या आधी मला तुझी माणसं बघायची आहेत. त्यासाठी एवढा प्रवास करून आल्या होत्या.

हे सदानंदांना फार आवडलं होतं. आल्या आल्या बाईंनी विचारलं होतं, तुम्ही कुठले, तुमची आई कुठली, तिचं गाव समुद्रापासून किती लांब. गाव आणि आजोळ विचारणारी गोरी माणसं त्यांना आजवर भेटली नव्हती. ही गोरी नव्हती, हा भाग वेगळा. सदानंदांनी मालवण सांगितलं, आजोळ आचऱ्याचं सांगितलं, आणि बाईंनी लक्ष देऊन ऐकलं. नंतर त्यांनीही आपल्या आजीचा मुलूख सांगितला, तांबडी जमीन, कोरडी नदी, तिच्या काठची पांढरी झाडं. खाणीचा रस्ता नेमका त्याच मुलखातून जाणार होता.

एकच गोष्ट अडली होती. त्या जमिनीवर काही ठिकाणी काम करायचं नाही, आणि बाईंनी किंवा त्यांच्या माणसाने हात वर केला की मशीन त्या क्षणी बंद झालं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. का, ते विचारायचं नाही. ते सांगायचं नसतं. सदानंदांनी फोनवर वरुणला चार वेळा तरी नाही म्हटलं होतं. तोरस्करांच्या साइटवर मशीन सुरू करणारा आणि थांबवणारा हात एकच असतो, आणि तो सदानंदांचा किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाचा. सित्रा बेटावरच्या कामावर एकाने 'चल' म्हणून हात केला आणि पलीकडून दुसऱ्याने 'थांब' म्हणून. मधल्या मध्ये त्यांचा चुलतभाऊ महादेव सापडला. तो आता मालवणात एका पायावर दुकान चालवतो. त्या दिवसापासूनचा हा नियम. तो मोडायचा म्हणजे काय, हे पोरांना कळत नाही असं सदानंदांना वाटायचं.

पण आज सोलकढी परत मागितली गेली होती. मनं जुळली की अटी आपोआप सैल होतात, असं त्यांनी धरलं. हात धुऊन ते आत गेले आणि चांदीचं ताट घेऊन बाहेर आले. ताटात बहरीनी हलव्याचा डबा, आणि डब्यावर जाड पांढरं पाकीट.

*

वरुणला पाकीट दिसलं, आणि त्याच्या हातातला पाण्याचा ग्लास टेबलावर जरा जोरात टेकला गेला.

त्याला ते पाकीट चांगलं ओळखीचं होतं. लहानपणी दर नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी बाबा त्याला बरोबर घेऊन बुसैतीनला जायचे. हेच ताट, असाच डबा, असंच पाकीट. हाजी युसुफ उंबऱ्यापर्यंत यायचे, ताटाला हात लावायचे, काहवा, म्हणजे अरबी कॉफी, व्हायचा. बाबा गाडीत बसताना म्हणायचे, बघ, भागीदाराला कधी त्रास द्यायचा नाही. वर्षभरात एकदाही त्यांना उन्हात उभं केलं नाही मी. बाबांच्या दृष्टीने माणसाला द्यायचा यापेक्षा मोठा मान नव्हता.

बाबा आता तेच बोलत होते, त्यांच्या साइटवरच्या इंग्रजीत, हात जोडून. तुम्ही आमच्या मोठ्या भगिनी. तुमचं नाव आमच्या नावाच्या वर लागेल. तुम्ही साइटवर यायची गरज नाही, उन्हात उभं राहायची गरज नाही, मशीनांची चिंता करायची नाही. ते सगळं आमच्यावर सोडा. दर वर्षी पहिल्या तारखेला हे ताट तुमच्या घरी येईल, मी स्वतः घेऊन येईन.

वरुणला वाटलं, उठावं आणि ते ताट उचलून न्यावं. पण तो बसून राहिला. तिकडे याला काय म्हणतात हे त्याला ठाऊक होतं. मूळच्या लोकांचं नाव वापरायचं, त्यांना वर्षाकाठी काही द्यायचं आणि घरी बसवायचं. एका कंत्राटदाराने मार्लीनबाईंच्या बाबतीत अगदी हेच केलं होतं. त्यांच्या नावावर काम मिळवलं, त्यांच्या एकाही पोराला मशीनवर बसू दिलं नाही, आणि रस्ता नदीकाठच्या झाडांमधून काढला. बाईंना ते कळलं तेव्हा झाडं आडवी झाली होती. त्यानंतर दोन वर्षं त्या कुणाशी बोलायला तयार नव्हत्या. वरुण त्यांच्या दारात किती वेळा गेला होता, ते त्याचं त्याला माहीत. मी तसा नाही, माझी माणसं तशी नाहीत, एवढं एकच वाक्य त्याने पुन्हा पुन्हा सांगितलं होतं.

मार्लीनबाईंनी पाकिटाला हात लावला नाही. त्यांनी सदानंदांकडे बघितलं, मग वरुणकडे बघितलं, आणि वरुणला ती नजर झेपली नाही.

"हे मी घरी बसावं म्हणून आहे?" त्यांनी विचारलं.

"घरी आरामात बसावं म्हणून," सदानंद हसून म्हणाले.

बाईंनी मान डोलावली. वाटी बाजूला सरकवली, वरुणच्या आईला, सुनीताबाईंना, जेवण छान झाल्याचं सांगितलं, आणि दार उघडून बाहेर बागेत जाऊन उभ्या राहिल्या.

*

स्वयंपाकघरात सुनीताबाई उरलेलं कालवण डब्यात काढत होत्या. कस्तुरी दाराला टेकून उभी होती. सदानंद मागोमाग आत आले, काय चुकलं ते कुणीतरी सांगावं अशा चेहऱ्याने.

"ह्यां पाकीट देऊक तुमका कोणी सांगल्यान?" सुनीताबाईंनी विचारलं.

"हाजींका देय होतंय, तसाच दिलंय. मिया तिचो मान राखलंय. ह्यात वायट काय?"

मागून आलेल्या वरुणने वाईट काय ते सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, म्हणून ते जास्त लागलं. शेवटी म्हणाला, बाबा, तुम्ही त्यांना तेच दिलंत, जे नाकारून त्या इथे आल्या.

 सदानंदांचे कान तांबडे झाले. या वयात आपल्याच घरात, आपल्याच पोराकडून हे ऐकावं लागतंय याचा त्यांना राग आला होता, आणि रागाच्या खाली भीती होती. यार्डातली मशीनं त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, काचांवर धूळ, टायर बसलेले.

गौरवही मागोमाग आत आला होता. आता त्याने बोलायला घेतलं, आणि ते वडिलांच्या बाजूने होतं. बाई उद्या परत जाणार. इथे बसून मशीन थांबवण्याचे हक्क मागणं सोपं आहे. उद्या रोजच्या रोज हात वर झाला तर? मशीनं पाठवायची आपण, ऑपरेटर आपले, बिघाड झाला तर रात्र रात्र जागायचं आपण, आणि बंद करणार दुसरंच कुणी. नको असेल त्यांना तर राहू दे. तो बोलत होता ते खोटं नव्हतं. पण मशीनं ऑस्ट्रेलियाला गेली की रिकाम्या यार्डात आपण काय करायचं, ही त्याची खरी धास्ती होती, आणि ती त्याने वर्षभर कुणाला सांगितली नव्हती. वरुण मालक होणार आणि आपण कुलूप सांभाळणार.

कालपर्यंत कस्तुरीही गौरवच्या बाजूची होती. बँकेतल्या माणसाला अनोळखी मुलूख आवडत नाही. पण मघाशी बाई बागेत गेल्या तेव्हा त्यांचा चेहरा तिने पाहिला होता. राग दिसला असता तर तिने सोडून दिलं असतं. तो राग नव्हता. पुन्हा तेच, असं काहीतरी त्या चेहऱ्यावर होतं, आणि कस्तुरीला स्वतःच्या घराची लाज वाटली.

"गौरव, तुझ्या यार्डाचं आपण नंतर बोलू," ती म्हणाली. "ते बोलायला हवं, मला कळतंय. पण आत्ता तो विषय यात मिसळू नकोस."

गौरवने तिच्याकडे चमकून पाहिलं. आपलं कुणाला कळलं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"का तां सांगूचां नाय, म्हणता ती," सदानंद पुटपुटले. "का तां सांगल्याशिवाय मशीन कशी थांबवची?"

सुनीताबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "आमच्या गावात देवाच्या रायीत कोणी कोयतो नेय नाय. तुम्ही कधी इचारलास, का म्हणान?"

सदानंदांनी विचारलं नव्हतं. तिथे विचारायचं असतं हे त्यांना कधी सुचलंही नव्हतं. पण त्यांचं डोकं अजून महादेवच्या पायाशी अडकलेलं होतं. "दोन हात झाले की माणूस मरता," ते म्हणाले. "एकच हात व्हयो."

*

ते बाहेरच्या खोलीत परत आले तेव्हा आमिना एकटीच टेबलाशी बसली होती. बागेतल्या बाई काचेतून पाठमोऱ्या दिसत होत्या. आमिनाने पाकीट उचलून बघितलं, परत डब्यावर ठेवलं, आणि डब्याचा कोपरा ताटाच्या कडेला नीट लावला, घरी लावायची तसा.

"बसा अंकल," ती हिंदीत म्हणाली.

सदानंद बसले. आता हिची सहीही गेली, असं त्यांना वाटलं. वरुण भिंतीशी उभा राहिला.

 आपले बाबा सदानंदांना किती जीव लावायचे ते आमिनाने आधी सांगितलं. कुणी तोरस्करांविषयी वेडंवाकडं बोललं तर बुसैतीनच्या घरातल्या बैठकीतून, मजलिसीतून, त्याला उठवायचे. मग ती म्हणाली, "कंपनी सुरू झाली त्या दिवशी तुम्ही त्यांना पांढरं हेल्मेट दिलं होतं. वर त्यांचं नाव होतं. आठवतं?"

सदानंदांना आठवत होतं. मनामाच्या बाब अल बहरीन बाजारातून त्यांनी ते नाव सोनेरी अक्षरात काढून आणलं होतं.

"ते अजून आमच्याकडे आहे. मजलिसीत, कपाटाच्या वर. त्याला एक ओरखडा नाही." आमिनाने पाकिटाकडे बघितलं. "नवीन वर्ष आलं की बाबा ते हेल्मेट काढून पुसायचे. आईला म्हणायचे, सदानंद येतोय, या वेळी नक्की म्हणेल, चला हाजी, काम दाखवतो. तुम्ही यायचात, ताट द्यायचात, आणि म्हणायचात, तुम्ही आराम करा."

"मग ते बोलले का नाहीत?" सदानंदांनी विचारलं.

"त्यांनी का मागायचं? कंपनी त्यांची पण होती ना."

सदानंद ताटाकडे बघत राहिले. हाजी उंबऱ्यापर्यंत का यायचे, ते त्यांना आत्ता कळत होतं. आपण म्हणायचो, केवढा मोठा माणूस, दारापर्यंत येतो. तो माणूस बाहेर पडायच्या तयारीने यायचा. इतकी वर्षं ज्याला मान म्हणून मिरवलं, त्याचं त्या माणसाला दर जानेवारीत नव्याने वाईट वाटत होतं, आणि आता ते विचारून बघायलाही तो नव्हता.  

त्यांनी पाकीट उचलून सदऱ्याच्या खिशात घातलं. मग ते बागेत गेले. काचेतून आतल्यांना दिसत होतं की ते काहीतरी विचारतायत आणि बाई त्यांच्याकडे वळून बघतायत, बराच वेळ. मग सदानंदांनी दार उघडून आत डोकं घातलं.

"गौरव, यार्डाची चावी घे. आमिना, बेटा, तू पण चल."

*

यार्डात सुट्टीमुळे कुणी नव्हतं. दगडाची पूड, तेलाचा वास, आणि रांगेत उभी मशीनं. गौरवने त्यातलं मोठं एक्स्कॅव्हेटर सुरू केलं. पहिल्यांदा ते खोकलं, मग धरलं. एवढ्या महिन्यांनी आवाज ऐकून त्याला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा रागही आला. समोर वडील, वरुण, कस्तुरी, आमिना आणि मार्लीनबाई उभ्या होत्या, सगळ्यांच्या डोक्यावर ऑफिसातली हेल्मेटं. आमिनाने आपलं दोन्ही हातांनी धरलं होतं.

बाईंनी हात वर केला की मशीन थांबवून बघायचं, असं ठरलं होतं. सदानंदांनी 'चल' म्हणून हात फिरवला. गौरवने बकेट खडीच्या ढिगात घातली, उचलली, वळवली. तेवढ्यात मार्लीनबाईंनी हात वर केला, पंजा सरळ, डोक्याच्या वर.

गौरवने वडिलांकडे बघितलं.

त्याने ठरवून बघितलं नव्हतं. मान आपोआप तिकडे गेली. इतक्या वर्षांची सवय होती. बकेट तेवढ्यात आणखी हातभर पुढे गेली. वडिलांनी खूण केल्यावर त्याने ती रोखली आणि इंजिन बंद केलं.

एकदम शांतता झाली. वरुणने डोळे मिटले. झालं ते सगळ्यांना दिसलं होतं, आणि सगळ्यात आधी मार्लीनबाईंना दिसलं होतं.

"तेवढ्यात झाड गेलं असतं," त्या म्हणाल्या. रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं.

सदानंदांनी त्यांना महादेवची गोष्ट सांगितली. मोडक्या इंग्रजीत, तिथे उभ्या उभ्या, पायापर्यंत सगळी. दोन हातांची मला भीती वाटते, म्हणाले. बाईंनी ऐकून घेतली. त्यांच्याही एका भावाचं खाणीवर काय झालं होतं, ते त्यांनी थोडक्यात सांगितलं. मग म्हणाल्या, "दोन हात मलाही नकोत. त्या जागी एकच हात असू दे. पण तो तुमचा नसेल."

 वाऱ्याने दगडाची पूड उडत होती.

"पुन्हा करू," मार्लीनबाई म्हणाल्या. "या वेळी तुम्ही तिकडे, कुंपणाकडे तोंड करून उभे राहा."

सदानंदांनी गौरवकडे बघितलं. केबिनमधून गौरवही त्यांच्याकडेच बघत होता. लहान असताना पाण्यात उडी मारण्यापूर्वी बघायचा तसा. सदानंदांना त्याला काहीतरी सांगावंसं वाटलं, पण जे काही सांगितलं असतं ती आपलीच आज्ञा झाली असती. ते वळले आणि कुंपणाच्या पत्र्याकडे तोंड करून उभे राहिले.

मागे इंजिन सुरू झालं. बकेट खडीत घुसल्याचा आवाज आला, दगड दगडावर घासले. पत्र्यावर त्यांची स्वतःची सावली पडली होती, बाकी काही दिसत नव्हतं. इंजिनाचा आवाज चढला. आता तिने हात वर केला असेल. का केला नसेल? मशीन चालूच होतं. त्यांना महादेवची किंकाळी आठवली. उजवा हात खांद्यातून आपोआप उठायला लागला, तेव्हा त्यांनी तो खिशात कोंबला. खिशात पाकीट होतं. ते त्यांनी मुठीत आवळलं, चुरगळेपर्यंत. गौरव माझ्याकडे बघत असेल, त्यांना वाटलं, माझ्या पाठीकडे बघत असेल, आणि पाठ काही सांगत नाही म्हणून घाबरला असेल. झिला, तिच्याकडे बघ. माझ्याकडे नको.

इंजिन बंद झालं. बकेट जागच्या जागी थांबली असावी. एक दगड घरंगळत खाली आला आणि तोही थांबला.

मागे कुणीच बोलत नव्हतं. कस्तुरीने नाक ओढलेलं ऐकू आलं. नीट झालं का, वेळेवर झालं का, सदानंदांना काही कळायला मार्ग नव्हता. मान वळवली की दिसलं असतं. इतक्या वर्षांत आपल्या यार्डात त्यांनी मान वळवायला कुणाची परवानगी मागितली नव्हती.

ते पत्र्याकडे बघत उभे राहिले. "बाई," त्यांनी विचारलं, "मी आता वळू का?"